शिंदी (सोलापूर परिसरातील)

शिंदी : शिंदी नावाच्या वृक्षाच्या गोड रसापासून आंबवून तयार होणारे सौम्य मादक पेय. वृक्ष आणि पेय या दोहोंस मराठीत एकच नाव आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात या पेयास ‘सेंधी’ म्हणत. तेलुगूत ताडकुलातील कोणत्याही वृक्षाच्या आंबलेल्या रसास ‘कल्लू’ व कन्नडमध्ये ‘हेंड’ म्हणतात. सोलापूर हे मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांच्या संगमावरील गिरणगाव असल्याने तेथे ही सर्व नावे कानी पडत. सोलापूरच्या इतिहासात शिंदीला पेयाहून अधिक महत्त्व आहे. तिच्याभोवती ब्रिटिश सरकारचा महसूल, कामगारांची आवड व गरज, धार्मिक वर्ज्यता आणि राष्ट्रीय चळवळ यांचा झगडा झाला आणि १९३० साली त्याचा शेवट गोळीबार, लष्करी कायदा व फाशी यांत झाला.

वृक्ष व रस : शिंदीचे शास्त्रीय नाव फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस असे असून तो खजुराचा रानटी भाऊबंद आहे. ओढ्यानाल्यांच्या काठी व सखल, ओलसर जमिनीत त्याची बने आढळतात. ताड (बोरॅसस फ्लॅबेलिफर) व शिंदी यांत गल्लत होते. तथापि दोहोंतून रस काढण्याची रीत भिन्न आहे. ताडाचा व माडाचा रस फुलोऱ्याच्या दांड्यास छेद देऊन मिळवितात, तर शिंदीचा रस शेंड्याजवळच्या कोवळ्या खोडास खाच पाडून काढतात. हिवाळ्यात पाती तासून खाच घेतात, तीत लहान नळी बसवितात व खाली गाडगे बांधतात. काही दिवस रस घेतल्यावर वृक्षाला विसावा द्यावा लागतो. पुढील वर्षी खाच विरुद्ध बाजूस पाडीत असल्याने जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते व त्यावरील खाचांवरून वृक्षाने किती हंगाम रस दिला, याचा अंदाज करता येतो.

पहाटे उतरविलेला ताजा रस म्हणजे नीरा. तीत मद्यार्क जवळजवळ नसतो. हवेतील व गाडग्यातील यीस्टमुळे रसातील शर्करेचे किण्वन चटकन सुरू होते आणि दिवस चढेल तसतशी नीरेची शिंदी होते. सायंकाळपर्यंत तीत सु. चार ते सहा टक्के मद्यार्क तयार होतो. त्यानंतर ती आंबट होत जाते. गाडग्याला आतून चुना लावल्यास किण्वन रोखले जाते. सकाळची गोडसर शिंदी कोणाला आवडे, तर संध्याकाळची आंबूस व कडक कोणाला. ही निवड बहुतांशी दिवसाच्या प्रहरावर ठरे. साठवण अशक्य असल्याने शिंदीचा व्यापार नेहमीच स्थानिक राहिला. बन, उतरविणारा, दुकान आणि पिणारा हे सर्व एका दिवसाच्या वाटचालीच्या आत असावे लागत. पेयाव्यतिरिक्त शिंदीच्या पात्यांपासून झाडू, चटया व टोपल्या बनवितात आणि रस आटवून गूळ करतात.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी : वृक्षरसापासून केलेल्या मद्याची परंपरा प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ या अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली असून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे प्रकार सांगितले आहेत. मद्यविक्रीवर राज्याचे नियंत्रण ही कल्पना म्हणजे इंग्रजांची देणगी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. मनुस्मृतीत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार मानले आहेत. तर पुलस्त्याच्या नावावरील वचनात अकरा मद्यांची गणना असून त्यांत खार्जूर व ताल ही वृक्षरसाची मद्ये येतात. दक्षिणेत आयात मद्यही परिचित होते. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटालियन, लाओडिसियन व अरबी द्राक्षमद्याचा उल्लेख असून त्यांपैकी इटालियन मद्याला अधिक पसंती असल्याचे म्हटले आहे. याच ग्रंथात भडोचशी व्यापार करणाऱ्या दख्खनच्या नगरांत पैठण व तगर यांची नावे आहेत. तगर म्हणजे सोलापूरच्या उत्तरेस असलेले आजचे तेर होय.

सोलापूरच्या पूर्वेस असलेल्या कल्याणी येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या कोशग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये ‘मदिरापानक्रीडा’ वर्णिली आहे. राजदरबारी मद्यपान हा सुसंस्कृत विलासाचा भाग मानला जात होता. मात्र त्याच शतकात त्याच कल्याणीत बसवेश्वरांच्या प्रेरणेने वीरशैव चळवळ उभी राहिली. तिचे एक प्रमुख शरण सिद्धरामेश्वर यांची कर्मभूमी सोलापूर ही होय. या परंपरेत मद्य व मांस वर्ज्य ठरले. पुढे जिल्ह्यातील पंढरपूर हे वारकरी संप्रदायाचे केंद्र बनले आणि गळ्यात तुळशीची माळ घालणे म्हणजे मद्य सोडणे, असा अर्थ खेडोपाडी रूढ झाला. दुसरीकडे काही ग्रामदेवतांना मद्याचा नैवेद्य दाखविण्याची चाल टिकून राहिली. तेलंगणात पोचम्मासारख्या देवतांच्या पूजेत कल्लू लागतो. अशा रीतीने एकाच परिसरात मद्य हे एका घरी पाप, दुसऱ्या घरी प्रसाद व तिसऱ्या घरी श्रमपरिहार होते. सोलापूरकरांच्या पेयाभिरुचीचा विचार करताना ही विविधता ध्यानात घ्यावी लागते.

अबकारी व गिरणगाव : इंग्रजी अंमलात मद्याचे नियमन मुख्यतः महसुलाच्या दृष्टीने होऊ लागले. मुंबई अबकारी अधिनियम १८७८ मध्ये संमत झाला. सर चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील अबकारी पद्धतीची घडी बसविली. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून ऊर्ध्वपातन मोठ्या, देखरेखीखालील भट्ट्यांत केंद्रित करणे, दारूवर गॅलनमागे शुल्क बसविणे, रस काढावयाच्या प्रत्येक वृक्षावर कर आकारणे आणि दुकानांचे मक्ते देणे, ही तिची प्रमुख अंगे होत. वृक्षकरामुळे झाडाची मालकी आणि रसाचा हक्क यांची फारकत झाली. शेतकऱ्याच्या बांधावरील शिंदी त्याचीच असे, पण परवान्याविना तिला गाडगे बांधणे हा गुन्हा ठरला. कोकणात भंडारी समाजाने या कराविरुद्ध चळवळ केली. सरकारचे अधिकृत धोरण ‘कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल’ असे सांगितले जाई. प्रत्यक्षात मक्तेदाराला मक्त्याची रक्कम भरून काढावयाची असल्याने खप वाढविण्याकडेच त्याचा कल असे.

याच काळात सोलापूरचे गिरणगावात रूपांतर झाले. १८७४ मध्ये ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन झाली. पुढे ती ‘जुनी गिरण’ या नावाने ओळखली गेली. नरसिंग गिरजी, लक्ष्मी व विष्णू या गिरण्या त्यानंतर निघाल्या. दुष्काळाने उखडलेले शेतमजूर, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि कर्नाटकातील कारागीर यांनी शहराच्या पेठा भरल्या. यांतील अनेकांना, विशेषतः तेलंगणातून आलेल्यांना, ताडकुलीन वृक्षांचा रस गावाकडूनच परिचित होता. दारूवरील शुल्क चढे असल्याने तीपेक्षा शिंदी स्वस्त पडे. कापसाच्या तंतूंनी व उष्णतेने भरलेल्या खात्यात दिवस काढल्यावर घसा ओला करण्यास ती बरी, असा कामगारांचा समज होता. पगाराच्या दिवशी शिंदीखान्यावर होणारी गर्दी आणि घरी उपाशी राहणारी मुले, हे चित्र समाजसुधारकांनी वारंवार रंगविले. या चित्रात तथ्य होते. मात्र विरंगुळ्याचे दुसरे साधन कामगाराला क्वचितच उपलब्ध होते, याचीही नोंद करणे आवश्यक आहे.

पेयांच्या आवडीतून सामाजिक स्तर स्पष्ट होत. शिंदी व देशी दारू श्रमिकांची, तर ब्रँडी-व्हिस्की ही ‘विलायती’ अधिकारी, संस्थानिक व इंग्रजी शिकलेल्या काही वकील-डॉक्टरांची मानली जाई. राम गणेश गडकरी यांचे १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले एकच प्याला हे नाटक मद्यपानाच्या शोकान्तिकेचे मराठीतील सर्वपरिचित चित्रण होय. त्याचा नायक सुधाकर वकील आहे. साहित्याने सुशिक्षिताचा प्याला चित्रित केला. अबकारीचा मोठा भार मात्र ज्यांच्या खिशावर पडत होता, तो कामगार व शेतमजूर मराठी रंगभूमीवर फारसा आला नाही.

विरोधाची परंपरा : महाराष्ट्रात मद्यविक्रीविरुद्ध सार्वजनिक आवाज प्रथम उठविणाऱ्यांत जोतीराव फुले यांची गणना होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दुकानांपुढे निरोधन झाले. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर अबकारी व शिक्षण ही दोन्ही खाती मुंबई इलाख्यात हस्तांतरित, म्हणजे लोकनियुक्त मंत्र्यांकडील, झाली. त्यामुळे मुलांच्या शाळा मद्याच्या उत्पन्नावर चालवावयाच्या काय, असा पेच निर्माण झाला. असहकारितेच्या चळवळीत (१९२०–२२) दुकानांवरील निरोधनाने सरकारी महसुलास प्रथमच जाणवेल असा धक्का दिला. मद्यपानाचा निषेध आणि राज्यसत्तेचा निषेध हे येथून पुढे एकमेकांत मिसळले.

१९३० चा उठाव : मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात महात्मा गांधींनी सुरत जिल्ह्यात ताडीच्या झाडांच्या तोडीस उत्तेजन दिले. रस देणारे झाड पाडल्याने अबकारीचा मुळातून उच्छेद होईल, असा त्यामागील विचार होता. मीठ उचलण्यासाठी समुद्र लागे. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण, समुद्रापासून दूर असलेल्या शहराला कायदेभंगासाठी दुसरे साधन शोधणे भाग होते. गावाबाहेरची शिंदीची बने हे ते साधन ठरले.

४–५ मे १९३० च्या रात्री कराडी येथे गांधीजींना अटक झाली. ही वार्ता येताच सोलापुरात हरताळ पडला व मिरवणुका निघाल्या. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरातील शिंदीची झाडे तोडण्यास मोठा समुदाय गेला. पोलिसांनी काहींना पकडले, त्यांच्या सुटकेची मागणी झाली आणि संघर्ष पेटला. पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण मरण पावला. सोलापूरच्या लढ्यातील पहिला हुतात्मा म्हणून त्याचे स्मरण केले जाते. त्यानंतर जमावाचा तोल सुटला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला होऊन दोन पोलीस मारले गेले आणि न्यायालयाची इमारत जाळण्यात आली. त्यानंतर सरकारी सत्ता शहरातून जवळजवळ नाहीशी झाली. ९ ते ११ मे या काळात रहदारी व सुरक्षितता काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. स्थानिक स्मृतीत हे दिवस स्वातंत्र्याचे म्हणून गणले जातात.

१२ मे रोजी लष्करी कायदा (मार्शल लॉ) पुकारण्यात आला व तो ३० जूनपर्यंत अंमलात होता. गांधी टोपी घालणे व राष्ट्रीय ध्वज बाळगणे यांवरही शिक्षा झाल्या. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ सोलापुरात ‘चार हुतात्मा चौक’ उभारला आहे. चौघांची नावेच शहराच्या मिश्र समाजजीवनाची साक्ष देतात.

या उठावाचे कारण केवळ मद्यनिषेध हे नव्हते. मंदीमुळे वाढलेली बेकारी, गिरणीकामगारांतील असंतोष आणि गांधीजींच्या अटकेचा संताप ही त्याची अन्य कारणे होत. किंबहुना शिंदी तोडण्यास गेलेल्या समुदायात शिंदी पिणारेही असणे संभवनीय आहे. व्यक्तिगत आवड आणि राजकीय प्रतीक यांच्यातील हा विरोध लक्षणीय आहे: जे झाड कामगाराला परिचित पेय देत होते, तेच परकीय सत्तेच्या तिजोरीचे चिन्ह म्हणून पाडले गेले. या तोडीचा फटका रस उतरविणाऱ्यांनाही बसला. झाड पाडल्यावर शिंदीबरोबर नीरा, गूळ व पाती यांचाही लाभ संपत असे. पुढे खादी व ग्रामोद्योग चळवळीने झाडे तोडण्याऐवजी नीरा व ताडगूळ यांचा पुरस्कार केला, यामागे हाच अनुभव होता.

दारूबंदी व तिचे परिणाम : १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा टप्प्याटप्प्याने अवलंब केला. १९३८ मध्ये अहमदाबाद येथे व १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात ती लागू झाली. बुडालेल्या महसुलाच्या भरपाईसाठी शहरी मालमत्तेवर कर बसवावा लागला. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ संमत होऊन एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या अधिनियमाचा बहुतेक भाग वैध ठरविला.

सोलापूरला दारूबंदीची अंमलबजावणी विशेष कठीण गेली, ती भूगोलामुळे. जिल्ह्याची उत्तर-पूर्व हद्द हैदराबाद राज्यातील उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याशी लागून होती. त्या राज्याच्या महसुलात अबकारीचा, आणि अबकारीत सेंधीचा, वाटा मोठा होता. हद्दीपलीकडे सेंधी उघड विकली जाई व अलीकडे ती पिणे गुन्हा होता. शहरात व भोवतालच्या वस्त्यांत हातभट्टीचे पेव फुटले. काळा गूळ व नवसागर यांपासून गाळलेली ही दारू शिंदीहून अनेक पटींनी तीव्र असे. सौम्य पेय उघडपणे मिळेनासे झाले, की पिणारा लपविण्यास सोयीच्या तीव्र पेयाकडे वळतो, हा जगातील अनेक देशांचा अनुभव. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात (१९२०–३३) बिअरची जागा ऊर्ध्वपातित मद्याने घेतली. सोलापुरातही शिंदीचा रसिक हातभट्टीचा गिऱ्हाईक झाला. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली डांबलेल्या व पुढे मुक्त झालेल्या, पण उपजीविकेविना राहिलेल्या लोकांपैकी काहींना या धंद्याचा आधार घ्यावा लागला. जुना कलंक पुसण्याऐवजी त्यांच्यावर नवा कलंक बसला.

महाराष्ट्र राज्यात वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत (१९६३–७५) दारूबंदी सैल करण्यात आली. महाराष्ट्र देशी दारू नियम १९७३ अन्वये परवानाधारक दुकानांतून बाटलीबंद देशी दारू मिळू लागली. ती उसाच्या मळीपासून तयार होते. जिल्ह्यातील श्रीपूर व माळीनगर येथे १९३० नंतरच्या दशकात साखर कारखानदारी सुरू झाली होती. पुढे सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले. मद्याचा मूळ स्रोत अशा प्रकारे ओढ्याकाठच्या बनाकडून उसाच्या फडाकडे सरकला. शिंदीची बने जमीन लागवडीखाली आल्याने विरळ झाली, कुशल रस उतरविणारे कमी झाले आणि मागणी मात्र टिकली. या तुटीतून बनावट ताडीचा धंदा वाढला. पाण्यात क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे रसायन व साखरसदृश पदार्थ मिसळून बनविलेल्या या द्रवाचा वृक्षाशी काहीही संबंध नसतो. तो नियमित घेणाऱ्यास त्याचे व्यसन जडते व एकाएकी सोडल्यास झटके, भ्रम अशी गंभीर लक्षणे उद्भवतात. ताडी म्हणजे निरुपद्रवी, हा जुना समज या द्रवाच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकतो.

अलीकडील स्थित्यंतरे : एकविसाव्या शतकात जिल्ह्याच्या मद्याभिरुचीत आणखी एक वळण आले. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ २००७ पासून ‘फ्रातेल्ली’ या इटालियन-भारतीय भागीदारीतील मद्यशाळेने सांजोव्हेजेसारख्या विदेशी जातींची लागवड केली. पेरिप्लसच्या काळी समुद्रमार्गे येणाऱ्या इटालियन मद्याची चव आता भीमेच्या खोऱ्यातच घडू लागली. हे मद्य प्रामुख्याने महानगरांतील सुस्थित ग्राहकांसाठी असते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस अनुमती देण्याचे ठरविले, तेव्हा शेतकऱ्याचे हित आणि व्यसनप्रसार यांवर तीव्र वाद झाला. अबकारीविषयीचे शंभर वर्षांपूर्वीचे प्रश्न नव्या रूपात पुढे आले.

त्याच वेळी मद्यविरोधाची परंपराही चालू आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार निम्म्याहून अधिक मतदारांनी वा महिला मतदारांनी विरोधी कौल दिल्यास परवानाधारक दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवरील चिन्हांमुळे ही पद्धत ‘उभी बाटली–आडवी बाटली’ या नावाने प्रसिद्ध झाली. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हा उपक्रम हाती घेतला. मुळेगाव तांड्यासारख्या हातभट्टीसाठी ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांत केवळ छापे न घालता कुटुंबांना पर्यायी रोजगार मिळवून देणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

मूल्यमापन : शिंदीच्या इतिहासातून दिसते, की लोक काय पितात हे केवळ त्यांच्या जिभेवर अवलंबून नसते. हंगाम, कर, राज्याच्या सीमा, धर्म, मजुरी आणि कायदा ही सर्व ते ठरवितात. मद्यपानाने उद्ध्वस्त झालेल्या संसारांची वस्तुस्थिती नाकारता येत नाही व त्यामुळे मद्यनिषेधाचा नैतिक आधारही कमकुवत होत नाही. परंतु महसुलासाठी विक्री वाढविणारे आणि उपजीविकेचा पर्याय न देता बंदी घालणारे, अशा दोन्ही धोरणांची किंमत अखेर श्रमिकांच्याच घरांनी मोजली. १९३० साली सोलापुरात शिंदीच्या झाडावर घातलेला घाव परकीय सत्तेच्या महसुलावर होता. तो महसूल पुढे स्वकीय राज्याकडे आला. त्याबरोबर उत्पन्न व लोकहित यांचा मेळ घालण्याची जबाबदारीही आली. मद्यावरील उत्पादनशुल्क हे आजही राज्याच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन आहे.